ग्रँड लॉजची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. सागवानाची, माणसाहून लांब, रुंद आणि चांगली जाडजूड. आता मला कुणी वाचत नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्यावर काय लिहावं यावरून एका घरात खटके उडत.

बसस्थानकामागच्या बोळात एक छोटं लॉज निघालं. सुताराने रंधा मारून मला रंगाऱ्याकडे धाडलं. मालक, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, म्हणाले, "ग्रँड लिहा. ठळक."

त्यांची बायको, म्हणजे वहिनी, चादरी वाळत घालता घालता म्हणाली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

पण मी दारावर चढले आणि मला भारी वाटलं. रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघत. आत गेलेली गिऱ्हाइकं मात्र कुरकुरत, "पाटी ग्रँड आणि नळाला पाणी नाही."

कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई कायमच्या राहत. त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. पुढे भाऊंना दिसेनासं झालं आणि गल्ल्यावर त्यांचा धाकटा भाऊ बसू लागला. तो बाईंना म्हणाला, "ग्रँड फार जुनं झालं हो. दुसरं काही सांगा."

बाई शिकवायच्या सुरात म्हणाल्या, "ग्रँड म्हणजे आकाराने, थाटाने मोठं. मॅजेस्टिक त्याहून वरचं, त्यात राजाचा रुबाब असतो. समोरच्याची मान आपसूक झुकते. स्टेटली म्हणजे भारदस्त, पण संथ. त्याला कसली घाई नसते. आणि ज्याच्यापुढे आवाज खाली येतो, ते ऑगस्ट."

"ऑगस्ट? मग सप्टेंबरात पाटी बदलायची का?"

"डिग्निफाइडही आहे. म्हणजे आब राखणारं. त्याला थाट लागत नाही."

"थाट नसेल तर गिऱ्हाईक कशाला येईल?" धाकट्याने विचारलं आणि मॅजेस्टिक पसंत केलं. माझा जुना रंग खरवडला गेला आणि अंगावर सोनेरी अक्षरं चढली.

एका दुपारी एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आली. त्यांच्यावर पलीकडच्या इस्पितळात उपचार चालू होते. त्यांना लघवी आवरता येत नव्हती. बाकीच्या लॉजांनी वास येताच हात जोडले होते.

"खोली रिकामी नाही," धाकटा म्हणाला. त्याच्या पाठीमागे किल्ल्या लटकत होत्या.

वडील मुलीला म्हणाले, "चल बाळ. यांची अडचण होते." ते वळले, तेव्हा त्यांची पाठ मला दिसली. सदरा मागून ओला होता, आणि ते हाताने तो झाकत होते.

वहिनी आतून आली. तिने हात लांबवून किल्ली काढली. "खालची खोली आहे. काका, या."

"वहिनी, गाद्या खराब होतील," धाकटा कुजबुजला.

"धुते कोण? तू?"

वहिनीने गादीवर मेणकापड घातलं. काकांच्या खोलीत ती कधी दार ठोठावल्याशिवाय गेली नाही. चादर बदलायची असली की म्हणायची, "काका, जरा ऊन खायला बाहेर बसता का?" ते बाहेर बसत आणि बाई त्यांच्याशी पेपरातल्या बातम्यांवर वाद घालत. चादर कशाला बदलली, हा विषय कुणी काढला नाही.

उपचार संपल्यावर काका निघाले. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. मुलीने हात पुढे केला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. भिंत धरून, एकेक पायरी पारखत ते उतरले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. धाकटा उठला. मला वाटलं, आता घाई करणार. पण तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "थांबा हो जरा. त्यांना उतरू द्या."

बाईंनी पेपर खाली ठेवला. "हे स्टेटली," त्या हळूच म्हणाल्या. धाकट्याने ऐकलं. या खेपेला त्याने थट्टा केली नाही.

इस्पितळात ही गोष्ट पसरली. आजारी माणसं, त्यांचे नातेवाईक येऊ लागले. चाकांच्या खुर्च्या पायऱ्यांपाशी अडत. मग धाकट्यानेच मला उतरवलं. सुताराने माझ्या पाठीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि पायऱ्यांवर मला उतारासारखं तिरकं बसवलं. सोनेरी अक्षरं खाली गेली. दारावर पत्र्याची साधी पाटी आली: राहण्याची सोय.

खरं सांगते, पहिले काही दिवस मी हिरमुसले. कुठे दाराच्या माथ्यावर होते, आणि आता पायदळी आले. मग चाकं अंगावरून जाऊ लागली. काही जण काठी टेकत येतात, मध्येच थांबतात, श्वास घेतात. त्यांचं वजन मला आता ओळखीचं झालं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला पाण्यात कुजू देऊ नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि माझ्यावरून कुणी सावकाश चढत असेल, तर मागून ढकलू नका. त्याच्या चालीने त्याला वर येऊ द्या.