रॉकेटचे जोड

शनिवार, १२ डिसेंबर २००९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दवनीवाड्याच्या भूमेश्वरीने आतल्या खोलीतला दिवा लावला, तेव्हा तिचे रॉकेट जमिनीवर आडवे पडलेले होते. टोक एकीकडे, चारही पंख दुसरीकडे.

रॉकेट जाड कागदाचे होते. शाळेतल्या चंद्रशेखर सरांनी गोंदियाच्या नेट कॅफेतून अकरा पाने छापून आणली होती. प्रत्येक भागावर क्रमांक, घडीच्या जागी तुटक रेघ, कडेला चिकटवायच्या पट्ट्या. दहावीतल्या भूमेश्वरीने बावीस दिवस खपून ते अडीच फूट उभे केले. त्या दिवशी गोंदियात तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन होते. वडील गुलाबचंद यांनी शब्द दिला होता : नंबर आला तर अकरावीला गोंदियाच्या वसतिगृहात, नाही आला तर घरी. बालाघाटकडचे एक स्थळ सांगून आलेलेच होते. चुलतभाऊ टिकेश रोज विचारायचा, वरात यातच बसवायची का.

आदल्या रात्री शेवटचे जोड बसवताना गोंद संपला. आई शांतीबाईने भाताची खळ करून दिली. नव्या धानाचा भात चिकट. त्या घरात पतंगापासून पाकिटांपर्यंत सारे त्यानेच चिकटवायचे. ओल सुकावी म्हणून रॉकेट घरातल्या सर्वांत कोरड्या जागी, धानाने भरलेल्या ढोलीला, म्हणजे मोठ्या कणगीला, टेकवून ठेवले. ढोलीभोवती उंदीर फिरतात, हे सर्वांना माहीत होते.

छापील कागद जवळजवळ शाबूत होता. उंदरांनी खळ लागलेल्या पट्ट्या तेवढ्या खाल्ल्या होत्या.

"मीच त देली ना खळ," शांतीबाई दारातून म्हणाली. भूमेश्वरी खाली बसून तुकडे वेचत राहिली.

गुलाबचंद यांनी चहा संपवला. "बस सातले आहे. जाऊन काय दाखवशीन?"

"तिथं जोडतो," ती म्हणाली.

ती सुटे भाग बुटाच्या खोक्यात आणि रॉकेटचे धड काखेत घेऊन गेली. गोंदियात गोंद मिळाला. पण चिकटवायला पट्ट्याच उरल्या नव्हत्या. एक पंख धरला की दुसरा गळे. साडेअकराला परीक्षक टेबलाशी आले. सर उंदरांचे सांगू लागले, तेव्हा परीक्षकांनी त्यांना शांतपणे थांबवले आणि गुणांच्या कागदावर 'अपूर्ण' असे लिहिले.

संध्याकाळी गुलाबचंद यांनी नंबराचे विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. ते रागावले नाहीत. जानेवारीत बालाघाटची माणसे येऊन मुलगी पाहून गेली.

जूनमध्ये निकाल लागला. भूमेश्वरीला चौऱ्याहत्तर टक्के मिळाले. चंद्रशेखर सर दोनदा घरी जाऊन आले. दुसऱ्या वेळी गुलाबचंद यांनी त्यांना पाणी दिले आणि शेतावर जायचे आहे म्हणाले. अकरावीच्या प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. ३० जूनच्या संध्याकाळपर्यंत तो सही होऊन शाळेच्या कपाटात होता. न्यायला कोणी आलेले नव्हते. प्रवेशाची मुदत ५ जुलैला संपणार होती.