अँप्लिफायरातली विभूती

"आज वाजला तर उद्या काव्याच्या हळदीला लावू, नाही तर सरळ भंगारात," असं पोरानं तोंडावर सांगितलं, तशी गंगम्मा अँप्लिफायर रिक्षात घालून तडक मंद्रूपहून सोलापुरात आली. नातीच्या हळदीत आजोबाचा अँप्लिफायर नको? वा रे लेका! ह्याच डब्यावर तुझ्या बापानं, चनमल्लप्पानं, तुला वाढवला की!

"सुरू होतोय रे," तिनं दुरुस्तीवाल्या विरेशला सांगितलं. "जरा वाजला की लाल दिवा लावून मुका बसतोय."

विरेशनं आधी विजेच्या वाटेत साधा बल्ब जोडला. बल्ब भक्कन पेटला आणि लगेच मंद झाला. "आत शॉर्ट न्हाय, आज्जी." मग वायरी बदलल्या, दुसरा स्पीकर लावला. तरी जरा वाजला की लाल दिवा हायच. गंगम्माचा जीव टांगणीला लागला.

काय दिवस होते ते! गावात लग्नाचा मांडव उभा राहिला की चनमल्लप्पा भाड्यानं स्पीकर लावायचा, माइकवर फुंकर मारायचा आणि साऱ्या गावादेखत विचारायचा, "गंगम्मा, ऐकू येतंय का?" ही दारात यायची, लाजून चूर व्हायची आणि काही न बोलता आत पळायची. बायका आठवडाभर चिडवायच्या.

विरेशनं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. "आज्जी, ह्याची पूजा कोण करतंय?"

"मीच की. दर खंडेनवमीला."

"पंखा विभूतीनं लिंपलाय बघा. हळद, कुंकू, अक्षताबी आत. वारं लागंना, मग तापून बंद पडतोय बिचारा."

गंगम्मा वरमली. धनी पुढच्या पट्टीवर विभूतीची तीन बोटं ओढायचे, बस. वरच्या जाळीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर ही खुळी मायेनं वरून मूठमूठ विभूती टाकत राहिली. "मीच गुदमरवला की रे त्याला!" तिचे डोळे भरून आले.

विरेशनं ब्रशनं सगळं झाडलं, पंख्याला तेलाचा थेंब दिला. पंखा गर्रकन फिरला. मग त्यानं पुढच्या पट्टीकडं फडकं नेलं.

"ते नगं!" ती ओरडली. "ती त्यांची बोटं हायती."

विरेशनं फडकं खाली ठेवलं. गाणी लावून दोघं चहा पीत बसली. चहा संपला, गाणी संपली, तरी लाल दिवा लागला नाही. विरेशनं माइक पुढं केला. "बोला की, आज्जी."

जन्मात तिनं माइक धरला नव्हता. पदर सावरून तिनं तोंड जवळ नेलं.

"व्हय हो, ऐकू येतंय."

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. गंगम्मा ह्या वेळी पळाली नाही.