कोनाड्यातला पंखा

माझे वडील अप्पा गेले, आमच्या भाषेत लिंगैक्य झाले, त्याला एकोणीस दिवस झाले होते, आणि मी कॉम्प्युटरचा पंखा आणायला धाराशिवला निघाले होते. शेजारच्या इरम्माकाकूंनी दारातून विचारलं, "कुठं निघालीस गं, गायत्री?" मी म्हणाले, "पंखा आणायला." त्यांनी माझ्या घराच्या छताकडं पाहिलं. मी समजावत बसले नाही.

माझं काम वाचायचं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी शाळेचे धडे वाचून रेकॉर्ड करते, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी. परंड्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात टेबल अप्पांच्या औषधांनी आधीच अडवलं होतं. उरला भिंतीतला कोनाडा. त्यात मावेल असा कॉम्प्युटर घेतला, चपलांच्या खोक्याएवढा. तीन वर्षं बिचारा गुमान चालला. गेले सहा महिने मात्र त्याच्या आतला पंखा सूं सूं करायला लागला होता. चौथ्या मिनिटाला सुरू व्हायचा तो धडा संपेपर्यंत थांबायचा नाही, आणि माइकला माझ्यापेक्षा त्याचाच आवाज आवडायचा.

कंपनीनं तीनदा रेकॉर्डिंग परत पाठवलं. परवा शेवटचा मेल आला: शनिवारपर्यंत स्वच्छ नमुना द्या, नाहीतर काम दुसऱ्यांकडे सोपवू. आज गुरुवार होता. मला दुसरं काही येत नाही, आणि ह्या कामाशिवाय घरात दुसरी मिळकत नाही.

मेल वाचून भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. एकोणीस दिवस मला काहीच वाटत नव्हतं. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून कामाला मोकळी. लोक भेटायला आले, मी चहा केला, ते रडले, मी कप विसळले.

धाराशिवच्या स्टँडमागच्या गल्लीत बिभीषणचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस तोंडानं संथ, हातानं चपळ. मी पिशवीतून आणलेला कॉम्प्युटरचा डबा त्यानं न उघडताच पट्टी लावून मोजला.

"आत पाच सेंटीमीटर जागा असंल. त्याच्यावर उंच काय बसणार न्हाय."

कपाटात कॉम्प्युटरची चिप गार ठेवणारा एक भलामोठा कूलर होता, पंख्यासकट. मी तो दाखवला.

"ताई, नाकापेक्षा मोती जड व्हईल. झाकणच लागायचं न्हाय."

"मग पाणी फिरवणारा असतो तो?"

"त्यो तुमच्या डब्यात मावत न्हाय. आन् त्याचा पंप कुरकुर करतो. तुमाला तर आवाजच नको." त्यानं एक चपटा कूलर पुढं ठेवला. खाली तांब्याच्या नळ्या, पत्र्याच्या पातळ पट्ट्या, आणि वर तळहाताएवढा पंखा. "बारक्या पंख्याला लई जोरात फिरावं लागतं, म्हणून त्यो बोंबलतो. रुंद पंखा सावकाश फिरतो. वारा तेवढाच, आवाज न्हाय. ह्यो बसंल."

"द्या," मी म्हणाले. त्यानं डबा उघडला आणि थांबला.

"ताई, घरात पिठाची चक्की हाय का?"

जुन्या कूलरच्या पट्ट्या पांढऱ्या पुडीनं गच्च भरल्या होत्या. त्यानं चिमूट चोळून पाहिली. मला चोळायची गरज नव्हती. ती विभूती होती.

अप्पा रोज सकाळी तळहातावर लिंगपूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, आणि मग कोनाड्यातल्या डब्यालाही तीन बोटं ओढायचे. डब्याच्या वरच्या बाजूला जाळी, तिच्याखाली पंखा. सहा महिन्यांपूर्वी मी ते पाहिलं आणि खेकसले, "अप्पा, त्याला हात लावू नका. जाळीतून आत जातं." ते म्हणाले, "बरं."

त्यानंतर त्यांनी डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. नुसते समोर उभे राहायचे, वीतभर वर हात धरून, बोटं मिटलेली. मी हसायचे. "कॉम्प्युटरला कसला आशीर्वाद देता?" ते म्हणायचे, "तुझं पोट हाय त्याच्यावर." मला वाटायचं, नमस्कार करतात. ते वरून चिमूट सोडत होते. हात लावू नका म्हटलं होतं, त्यांनी लावला नाही. शब्दाचा पक्का माणूस.

आणि मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होते. दोन दुरुस्तीवाले डबा न उघडताच बघून गेले, डब्याखाली रबराचे तुकडे झाले. पंख्यापायी एकेक धडा दोन-दोनदा वाचला. रेकॉर्डिंग चालू असलं की अप्पा बाहेर कट्ट्यावर बसायचे, कारण त्यांना खोकला होता. म्हणजे धडा दोनदा, तर त्यांचं बाहेर बसणंही दुप्पट, ऐन थंडीतसुद्धा.

"विभूती आहे," मी बिभीषणला म्हणाले. "वडील टाकायचे."

त्यानं पंख्याचं पातं बोटानं फिरवून पाहिलं. "बेरिंगात गेलीय. पंखा बदलावाच लागंल. बाकीचं ब्लोअरनं फुंकून काढू का?"

"काढा."

त्यानं डबा दुकानाबाहेर नेला आणि ब्लोअर लावला. पांढरा फुफाटा रस्त्यावर उडाला, एका रिक्षाच्या मागं गेला आणि संपला. आता तरी काही वाटेल म्हणून मी वाट पाहिली. वाटलं नाही, आणि त्याची लाज मात्र वाटली.

नवा कूलर बसवून त्यानं कॉम्प्युटर चालू केला. कान लावला तरी काही ऐकू येईना. निघताना म्हणाला, "कोनाड्यात ठेवताना जाळीचं तोंड बाजूला करा. वरनं काय पडायला नको."

"आता काही पडणार नाही," मी म्हणाले.

घरी आले, डबा कोनाड्यात ठेवला. सवयीनं जाळी वरच ठेवली. दार लावलं, माइक लावला. कंपनीचा नियम आहे: धड्याच्या आधी तीस सेकंद रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. हे तीस सेकंद आमच्या घरात कधी एका दमात झाले नाहीत. विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला बाहेरून अप्पा विचारायचे, "झालं का गं?" मी चिडायचे, पुसायचे, पुन्हा तीस मोजायचे.

बटण दाबलं. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता. वीस झाले. पंचवीस झाले. तीस झाले. शांततेचे तीस सेकंद पूर्ण झाले होते, बटण बंद करायचं होतं. मी बसून राहिले. चाळीस झाले. पन्नास झाले. मी दाराकडं बघत होते, आणि कशाची वाट बघतेय ते मला त्याच वेळी कळलं. छातीत इतकं दुखलं की टेबल धरावं लागलं.

"झालं, अप्पा," मी म्हणाले. "या आत."

ते रेकॉर्डिंग कंपनीला पाठवता आलं नाही. डोळे पुसून मी पुन्हा तीस मोजले.