महाराजांची उजवी बाही

या विश्वात जे जे थोर आहे ते फिरतं. ग्रह फिरतात, ऋतू फिरतात, साम्राज्यांचे दिवस फिरतात. आणि मागच्या रविवारी कापडदुकानावरच्या हॉलमध्ये एका महाराजांचा उजवा पंजा फिरला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या साठ शहाण्यासुरत्या माणसांची डोकीही फिरली.

पत्रकावर त्यांचं नाव चक्रहस्त महाराज. मी त्यांना गरगर महाराज म्हणायचो, म्हणून ताई चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

महाराज लोकांकडे डावी बाजू करून गुडघ्यांवर बसले, ठेंगण्या स्टुलावर ओणवले आणि त्यावर उजवा तळवा टेकवला. झग्याची बाही पार मनगटापर्यंत. बोटं लोकांकडे. मग पंजा वळू लागला. बोटं भिंतीकडे, पडद्याकडे, महाराजांच्या पोटाकडे आणि पुन्हा लोकांकडे. पूर्ण गिरकी! हॉलभर "अबब" पसरलं.

"तुमचे सांधे म्हणजे गंजलेली कुलपं!" महाराज गरजले. "माझ्या मनगटाचं कुलूप गुरूंनी उघडलं. सांधा मोकळा झाला की तो ब्रह्मांडाच्या गतीने फिरतो. मनगट काय, मान काय, गुडघा काय!"

"मग मान फिरवा ना," मी म्हणालो. शेजारच्या बाईंनी मला चिमटा काढला.

पण गुडघ्याचं नाव निघालं आणि मी पुढे सरकलो. कारण समोर सतरंजीवर, उपचाराचा पहिला मान मिळालेली आमची ताई पाय पसरून बसली होती. राहते याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. गुडघेदुखीमुळे दोन महिने जिना उतरली नव्हती. त्या दिवशी शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली आणली होती. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम तिने महाराजांच्या भरवशावर सोडले होते, आणि आता महाराज तिचा घोटा धरून गुडघ्याला "अर्धीच गिरकी" देणार होते.

"ताई, पाय जाईल गं!"

"तू गप्प बस. तुझ्या टवाळीने जिना उतरता आला असता, तर मी दहा वेळा बाजारात जाऊन आले असते."

 यावर उत्तर निघालं ते महाराजांचे झगे शिवणाऱ्या शिंपीकाकांकडे. गळ्यात टेप, खिशात खडू आणि काखोटीला महाराजांचा दुसरा झगा, असे ते गर्दीतून पुढे आले.

"महाराज, झगा आणलाय. पण एक शंका आहे. महिन्यात तिसऱ्यांदा ही उजवी बाही उसवली, आणि तीही खांद्याशी, बाही जोडतात त्या मुंढ्याला. डावी जशीच्या तशी. फिरतं मनगट, मग उसवतो खांदा कसा?"

"दैवी कंपनं," महाराज म्हणाले.

"मनगटाची कंपनं कफ सोडून खांद्याला जातात होय? जरा बाही वर करून फिरवा, कापड कुठे ताणतंय ते बघतो."

"बाही वर केली की शक्ती सांडते!"

"मग माझी सांडतो," म्हणत काकांनी सदरा काढला. खांद्यापासून मनगटापर्यंत खडूने सरळ रेघ ओढली आणि ओलं कापड पिळावं तसा हात आतल्या बाजूला पिळून पंजा स्टुलावर टेकवला. मग पीळ सोडत गेले. पंजा पूर्ण फिरला! रेघ मात्र आधी हाताभोवती गुंडाळलेली, मग सरळ झाली आणि शेवटी उलट्या बाजूने गुंडाळली गेली.

"मनगट नुसतं वाकलंय, फिरलेलं नाही," काका म्हणाले. "कोपराखाली दोन हाडं आहेत, त्यातलं एक दुसऱ्यावरून वळतं. ती अर्धी गिरकी. उरलेली अर्धी खांद्याची. तिथे वाटीत गोळा बसवल्यासारखं हाड आहे, चहूकडे फिरतं. म्हणून तर आम्ही मुंढा गोल कापतो. आधी पिळून ठेवायचं आणि लोकांसमोर सोडायचं. बाही असते ती पीळ झाकायला."

"आणि गुडघा?" ताईचा आवाज जरा बारीक झाला होता.

"चाळीस वर्षं पँटी शिवतोय, ताई. गुडघ्याला मुंढा कापायची वेळ कधी आली नाही. ती दाराची बिजागरी आहे. उघडते, मिटते. वाकवल्यावर जराशी इकडेतिकडे होते, बस. बिजागरी पिळली तर दार हातात येतं."

ताईने महाराजांच्या हातातून आपला पाय काढून घेतला. चुकून दुसऱ्याने उचललेली छत्री परत घ्यावी तसा.

पाच मिनिटांत हॉलभर माणसं ओणवी झाली होती. "अहो, माझाही फिरला!" "थांबा, मला आधी पिळू द्या!" चिमटेवाल्या बाईंना तर दोन्ही हातांनी चमत्कार जमला. एका छपराखाली साठ महाराज!

संधी साधून मी उभा राहिलो. "मित्रहो, चमत्कार दिसला की आधी बाही वर करायला सांगा. जो नाही म्हणेल, त्याच्या हातात आपला पाय देऊ नका. शरीर कसं वळतं हे डॉक्टरांना कळतं, शिंप्याला कळतं, विचारलं तर आपल्यालाही कळेल. विचारायला ना गुरू लागतो, ना..."

"पुरे रे," ताई म्हणाली. महाराज भिंतीला धरून दाराकडे सरकत होते. तिने त्यांनाच हाक मारली.

"महाराज, आता मोकळेच आहात ना? मग जरा हात द्या, मला उठायचंय. सरळच द्या हं, फिरवू नका."