दुसऱ्या भागाची जागा

मी रॅक बोलतोय. अंगावर गणपती बघून हात जोडू नका, मी काय देव्हारा नाय. मी वाचनालयातला हाय. इथं मूर्तींच्या कारखान्यात पाहुणा म्हणून आलो, तो अडकलो.

माझा जन्म रोह्याचा. गुणाजी सुतारानं जुन्या सागवानी दरवाज्यांतून मला उभा केला. तेव्हा मी एकदम ताठ होतो. मग टेम्पोतून आणताना गडब गावाजवळ असा खड्डा आला की मागच्या पायाला चीर गेली. तेव्हापासून मी डुलतो. पेणजवळच्या जोह्याच्या पुढं आमचं गाव, शाळेमागं वाचनालयाची एकच खोली. कोण शहाणा वरचं पुस्तक हिसकायला लागला की मी जरा जास्तच डुलायचो. जाडा शब्दकोश टाळक्यात पडला की दिवस बरा जायचा.

खोली दिनानाथ काका सांभाळायचे. संध्याकाळी टाळं काढायचे, माझ्यावरनं फडकं फिरवायचे, मग त्याच फडक्यानं चष्मा पुसायचे. मिठागरावरचा जनू यायचा आणि पेपर मोठ्यानं वाचायचा.

"जनू, मनात वाच की."

"मनात वाचल्यावर या विठूला काय कळंल? त्याला दिसत नाय."

"पेपरातलंच दिसत नाय," विठूआजा म्हणायचा. "तुझ्या खिशातली तंबाखू दिसते."

आणि पारी यायची, वाडीवरची. सातवीत शाळा सुटली, आता कारखान्यात मूर्ती घासायला जाते. "हात धुतलेस काय गो?" काका विचारायचे. ती दोन्ही बाजूंनी दाखवायची. पुस्तक न्यायची आईला वाचून दाखवायला. ठमाबाईला अक्षर येत नाय, पण गोष्ट सुरू झाली की चूल विझली तरी उठायची नाय.

मागच्या साली पाऊस तोंडावर असताना पारीनं एका जुन्या कादंबरीचा पहिला भाग नेला. एक तांडेल होडी घेऊन जातो, वादळ येतं, बायको धक्क्यावर उभी. तिथं भाग संपतो. दुसरा भाग माझ्या मधल्या खणात होता.

त्याच आठवड्यात कारखानावाले प्रविणशेठ आले. "काका, रॅक द्या गणपतीपर्यंत. माल ठेवायला जागा नाय."

"आणि पुस्तकं?"

"गोण्या देतो की."

आमच्याकडं हंगामात लोक खाटा ओट्यावर काढतात आणि घरात मूर्ती मांडतात. गणपतीसाठी मागितलेल्या जागेला कोण नाय म्हणत नाय. काकांनी मान हलवली. मी तर खूश. पुस्तकांना कोणी कधी आरती केली होती?

गोण्या प्लास्टरच्या होत्या. रिकाम्या, पण कोपऱ्यात पावडर होतीच. ओल लागली की प्लास्टरचा दगड होतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं. पण घाईत एकानंही गोणी झटकली नाय. पुढं कौलातनं पाणी गळलं, ते थेट गोण्यांवर.

विसर्जनानंतर काका गोण्या हातगाडीवर घालून मला न्यायला आले. माझ्यासमोरच पहिली गोणी कापली. आतनं धोंडे निघाले. प्रत्येक धोंड्यात चार-पाच पुस्तकं. पारीनं एक मांडीवर घेतला आणि मूर्ती घासायच्या कागदानं हळूहळू घासायला लागली. प्लास्टर निघालं, त्याच्यासंगं पानपण निघालं.

"आपण नवी आणू," प्रविणशेठ म्हणाले. खाली बघून म्हणाले.

काकांनी मला नेलंच नाय. नेऊन ठेवणार काय माझ्यावर? आता दुसरा हंगाम लागला. वाचनालयाला टाळं, जनूचं पेपर वाचणं बंद, विठूआजा घरीच पडून असतो. काकांनी पेणला दुकानांत जाऊन दुसरा भाग विचारला. लई जुना हाय म्हणाले, आता मिळत नाय.

परवा ठमाबाई लेकीचा डबा घेऊन आली. टेकली माझ्या पायाशीच.

"पारी, त्या तांडेलाचं काय झालं गो?"

"आला परत. बायको उभी होती धक्क्यावर, तिनं लांबनं शीड ओळखलं."

ठमाबाईनं थोडं ऐकलं. मग म्हणाली, "हे तू सांगतेस. पुस्तकातलं सांग."

 पारी हातातल्या मूर्तीची सोंड घासत राहिली, घासून घासून सोंड पार बारीक झाली. एरवी प्रविणशेठ ओरडले असते. नाय ओरडले.

पहिला भाग तेवढा पारीच्या घरी होता म्हणून तगला. तो तिनं माझ्या मधल्या खणात आणून ठेवलाय. बाजूला कोणी मूर्ती ठेवत नाय. संध्याकाळी काका येतात, खिशात वाचनालयाची चावी वाजत असते, आणि तेवढाच खण पुसून जातात.

मी पूर्वी पुस्तक दाबून बसणाऱ्यांना लई नावं ठेवायचो. आता सांगतो, बाबांनो, तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, टीव्हीच्या खाली आमचं काय दाबलेलं असंल तर आणा. कोण काय बोलणार नाय. मी डुलणारपण नाय.

आणि ती तांडेलाची गोष्ट दिसली, तर पहिली ती आणा. ठमाबाई थकलीय. होडी आली का बुडाली, तेवढं तिला पुस्तकातनं ऐकायचंय.