सिद्धेश्वर नांदेडला गेला तेव्हा

लातुरात संध्याकाळी साडेपाचला वसंतराव अर्धापूरकरांची गणिताची चौथी बॅच सुरू व्हायची आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची बायको प्रमोदिनी पायात चपला सरकवून बास्केटबॉल बघायला निघायची. मॅच असली तर मॅच, नसली तर पोरांची प्रॅक्टिस. कॉलेजचं मैदान घरासमोरच होतं. कोर्टाला लागून सिमेंटच्या पायऱ्या होत्या. तिथं तिची जागा ठरलेली आणि तिच्या शेजारची जागा शंकरप्पांची.

शंकरप्पा म्हणजे अर्धापूरकरांचे घरमालक. खालच्या मजल्यावर ते राहायचे, पुढं रस्त्याला त्यांचं भांड्यांचं दुकान. कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. संध्याकाळ झाली की दुकान धाकट्या भावावर सोपवून ते थेट कोर्टावर जायचे. कॉलेजच्या टीमवर त्यांचा एवढा जीव होता की टीम हरली त्या रात्री ते जेवायचे नाहीत, असं त्यांची बायको गंगम्मा सगळ्यांना सांगायची.

वसंतरावांच्या मनात तसला काही संशय नव्हता. प्रमोदिनी कशी आहे ते त्यांना ठाऊक होतं, शंकरप्पाही सरळ माणूस होता, आणि गंगम्मा तर पुष्कळदा त्याच पायरीवर शेंगा फोडत बसलेली असायची. त्यांचं दुखणं निराळंच होतं. घरात दोघंच. पण घरात प्रमोदिनी बोलायची ती गॅस संपत आलाय आणि दूधवाला आला नाही एवढंच. आणि क्लासच्या खिडकीतून, फळ्यावर गणित सोडवता सोडवता वसंतरावांना जी प्रमोदिनी दिसायची ती हातवारे करत होती, वाद घालत होती, मान मागं टाकून हसत होती. मुलं वहीतून मान वर करायची तर सर खडू हातात धरून खिडकीकडं बघत उभे.

त्या वर्षी वाद असायचा तो सिद्धेश्वरवरून. सिद्धेश्वर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा, उदगीरकडचा पोरगा. उंचीला बेताचा, बास्केट क्वचितच करणारा. पण समोरच्या टीमचा सगळ्यात भारी खेळाडू असेल त्याला अडवायला हाच.

"हात घालत न्हाई ओ वैनी ह्यो पोरगा," शंकरप्पा म्हणायचे. "बॉल डोळ्यापुढं नाचतंय आन् ह्यो नुसता हात पसरून उभा. हिसकावून घ्यायला काय होतंय?"

"हात घातला की फाऊल होतो, अप्पा. त्याचे हात बघू नका, पाय बघा. समोरच्याला उजवीकडून जायचंय आणि हा त्याला सारखा डावीकडं ढकलतोय. मग त्याचा बॉल रिंगला लागून परत येतो, तो काय आपोआप?"

"पॉइंट कुठं मिळतेत त्यानं?"

"त्यांना मिळत नाहीत ना. तेवढेच आपल्याला मिळाले."

हे असं अंधार पडेपर्यंत चालायचं. प्रमोदिनी लग्नाआधी नांदेडला असताना कॉलेजच्या टीममधून दोन वर्षं खेळली होती, त्यामुळं तिला हे कळत होतं.

खरं तर वसंतरावांच्या मनात हे कुसळ शिरलं ते त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी. तेव्हा ते नांदेडच्या एका कॉलेजात शिकवायचे आणि शनिवारी लातूरला यायचे. भूकंप झाला त्या पहाटे प्रमोदिनी वरच्या मजल्यावर एकटी होती. शंकरप्पांनी वर धावत जाऊन दार ठोठावलं आणि तिला खाली आणलं. घराला तडे गेले, पडझड झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल त्या गाडीनं वसंतराव येऊन पोचले तर सगळी गल्ली कॉलेजच्या मैदानावर ताडपत्र्या टाकून बसली होती. रडून लाल झालेले डोळे दिसतील, अशी तयारी करूनच ते आले होते. प्रमोदिनी शंकरप्पांच्या ताडपत्रीखाली बसून चहा पीत होती आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती. नवऱ्याला बघून ती उठली, "आलात? जेवलात का?" म्हणाली. बस्स, एवढंच.

लोक पुढं कितीतरी दिवस मैदानावरच झोपत होते. शाळा-कॉलेजं बंद, पोरांना काम नाही, म्हणून ती कोर्टावर खेळायला लागली. एकदा कुणीतरी चुकीचा पास दिला आणि प्रमोदिनी ताडपत्रीतून उठून ओरडली, "अरे, मागं कोण आहे ते बघ की." शंकरप्पा थक्क झाले. बास्केटबॉलचं वेड त्यांना तेव्हापासून लागलं.

वसंतरावांनी नांदेडची नोकरी सोडली ती या कुसळापायीच, बायकोजवळ राहता यावं म्हणून. पण लातूरला येऊन त्यांनी गणिताचा क्लास काढला आणि तो असा काही चालला की त्यांना घरात बसायलाच वेळ राहिला नाही. लातूरच्या पोरांचे निकाल बघून सगळ्या जिल्ह्यांतून पोरं येत होती. घराघरात खोल्या भाड्यानं जात होत्या. पहाटेची बॅच, सकाळची बॅच, दुपारची, संध्याकाळची. ज्या बायकोसाठी गाव बदललं ती खिडकीतूनच दिसायची.

एका रविवारी मात्र त्यांनी ठरवलं, आपणही जायचं. आठवडाभर कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना गाठून, चहा पाजून, त्यांनी खेळाची माहिती करून घेतली. माणसाला माणूस लावायचा म्हणजे काय, झोन लावून प्रत्येकानं आपापली जागा राखायची म्हणजे काय, सगळं. मग पांढरा शर्ट घालून ते पायरीवर जाऊन बसले. खेळ रंगला होता. दोघांच्या बोलण्यात थोडी फट पडली तशी त्यांनी घसा साफ केला.

"मला वाटतं, यांनी आता झोन लावायला पाहिजे."

 मग शंकरप्पा अगदी हळुवारपणे म्हणाले, "सर, झोनच लावलाय त्यांनी. ते बघा. दोघं पुढं, तिघं मागं." गिऱ्हाइकाला पातेल्याचा तळ ठोकून दाखवावा तसं त्यांनी बोटानं दाखवलं. त्यांच्या आवाजात जराही टिंगल नव्हती, आणि तेच वसंतरावांना झोंबलं. प्रमोदिनी पदर तोंडाशी धरून दुसरीकडं बघत होती. ती हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

त्यानंतर ते पायरीवर गेले नाहीत.

उन्हाळ्यात अंबरीश आला. नांदेडला वसंतरावांबरोबर शिकवायचा तो. लातूरचे क्लास कसे चालतात ते बघून त्यालाही नांदेडला तसाच क्लास काढायचा होता, जोडीला पोरांना राहायला होस्टेल. होस्टेलवर राहील आणि आठवी-नववीच्या पोरांचं गणित घेईल, असा एखादा कॉलेजातला मुलगा तो शोधत होता.

वसंतरावांच्या तोंडून नाव निघून गेलं. "सिद्धेश्वर म्हणून एक आहे."

सिद्धेश्वर बारावीला त्यांच्याकडंच शिकला होता, गणितात चांगला होता. घरची बाजू बेताची, थोरला भाऊ मलप्पा टेंपो चालवून त्याला शिकवत होता. नांदेडला राहणं-जेवणं फुकट आणि वर हाताला पगार. भल्याचंच काम होतं, त्यामुळं ते करताना वसंतरावांना कुठं टोचलं नाही. त्यांनी सिद्धेश्वरला बोलावून समजावलं. पोरगा घुटमळला. "टीमचं काय करू, सर?"

"नांदेडलाही टीम आहे की. आयुष्य बघ आधी." मग ते म्हणाले, "माझं नाव मात्र कुणाला सांगू नकोस. इथले कॉलेजवाले माझ्यावर नाराज होतील."

जूनमध्ये सिद्धेश्वर गेला. सगळीकडून पोरं लातूरला येत होती आणि हा लातूर सोडून नांदेडला. वसंतरावांना वाटलं, आता वाद संपला. ज्याच्यावरून बोलायचं तोच नाही तर बोलणार काय?

झालं उलटंच. पूर्वी वाद पायरीवर सुरू होऊन पायरीवरच संपायचा. आता तो जिन्यात चालायचा, दुकानात चालायचा आणि प्रमोदिनीबरोबर वर जेवणाच्या ताटापर्यंत यायचा.

"बेइमान निघाला पोरगा," शंकरप्पा जिन्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणायचे. "आपल्या कोर्टावर शिकला, आपण टाळ्या वाजवून मोठा केला, आन् चालला दुसऱ्याच्या दारात. खेळाडूला इमान पाहिजे का न्हाई वैनी?"

"इमान खेळापुरतं असतं, अप्पा. आज ज्या टीमचा शर्ट अंगात आहे तिच्यासाठी जीव तोडून खेळायचं. पोराला पोट आहे."

"पोट हाय तर आम्हाला बोलायचं होतं. मी दिला असता दुकानात काम."

रात्री ताटावर बसल्यावर ती म्हणायची, "अप्पांनी फारच मनाला लावून घेतलंय. पण मलाही कळत नाही, एकाएकी कसा गेला? कुणी फूस लावली असेल का?"

"कुणास ठाऊक," वसंतराव म्हणायचे आणि आणखी एक भाकरी मागून घ्यायचे. 'अप्पा म्हणत होते' या शब्दांशिवाय आता घरात एक घास उतरत नव्हता. त्यांना वाटायचं, आपण गावातून पोरगा घालवला आणि शंकरप्पाला घरात आणून बसवला.

डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन सामने नांदेडला झाले आणि फायनलला लातूरसमोर नेमकं सिद्धेश्वरचं कॉलेज आलं. शंकरप्पांनी जीप ठरवली. "तुम्ही काही येणार नाही ना?" प्रमोदिनीनं विचारलं. ते ऐकूनच वसंतरावांनी सगळ्या बॅचला सुट्टी दिली.

लातूरचा वीरेश म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात जास्त पॉइंट करणारा खेळाडू. त्याला अडवायला सिद्धेश्वर उभा राहिला तशी लातूरकडच्या गर्दीतून "बेइमान" असा ओरडा सुरू झाला. शंकरप्पांचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. प्रमोदिनी ओरडली नाही. ती गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं वाकली होती. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून वसंतराव सिद्धेश्वरचे पाय बघत राहिले. पोरगा उडी मारत नव्हता, हात घालत नव्हता. वीरेश जिकडं वळेल तिकडं तो त्याच्या अर्धं पाऊल आधी पोचलेला असायचा. हे बघत बसण्यासारखं आहे, हे वसंतरावांना पहिल्यांदाच कळलं. आणि बायको पाच वर्षं हे दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून बघत आली, हेही त्याच वेळी मनात आलं.

शेवटी लातूर एका पॉइंटनं मागं होतं. वीरेश बॉल घेऊन थेट बास्केटकडं घुसला. सिद्धेश्वर वाटेत पाय रोवून उभा राहिला, हलला नाही, आणि धडक छातीवर घेऊन पाठीवर पडला. शिट्टी वाजली. उभ्या माणसाला धडकला म्हणून फाऊल वीरेशचा. लातूर हरलं.

"पाय," शंकरप्पा स्वतःशीच म्हणाले. "पायच रोवून उभा राह्यला बघा."

बाहेर जीपपाशी सगळे आले तर सिद्धेश्वर घामाघूम पळत आला. शंकरप्पांनी तोंड फिरवलं. पोरगा प्रमोदिनीच्या पाया पडला, मग वसंतरावांच्या. आनंदाच्या भरात त्याला कशाचं भान नव्हतं. "सर, तुम्ही धाडलं म्हणून झालं हे. पहिल्या पगारात घरी दादाला पैसे पाठवले."

तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली आणि टीमची पोरं हाक मारताहेत असं सांगून परत गेला.

गंगम्मा शंकरप्पांना घेऊन जीपमध्ये बसली. नवरा-बायको तेवढे खाली राहिले.

"का केलंत?" प्रमोदिनीनं विचारलं.

पोराच्या भल्यासाठी, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण वसंतरावांना ते सांगवेना.

"तुमचं दोघांचं बोलणं थांबावं म्हणून. माझ्याशी तू तसं बोलत नाहीस."

 "तुमच्याशी कधी बोलायचं? पहाटेच्या बॅचच्या आधी, का रात्रीच्या जेवणानंतर तुम्ही पेपर तपासायला घेता तेव्हा?" ती म्हणाली. "आणि तो पोरगा म्हणजे काय तुमच्या फळ्यावरचा आकडा आहे, इथून पुसून तिथं लिहायला?"

ती पुढं ड्रायव्हरमागच्या बाकावर गंगम्माजवळ जाऊन बसली. वसंतरावांना मागं शंकरप्पांच्या शेजारी बसावं लागलं.

जीप लोह्याला पोचली. मग शंकरप्पा म्हणाले, "पोराचं भलं केलंत सर. पर माझ्या कानावर घालायचं होतं. काय काय बोललो मी त्याला. आज बी बोललो." त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला वसंतरावांनी कधी ऐकला नव्हता. या माणसाला खरं कारण सांगावं असं त्यांना वाटलं, पण तोंड उघडलं नाही. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, अप्पा."

अहमदपूरला चहा झाला. पुन्हा जीप सुरू झाल्यावर शंकरप्पांनी थोडा वेळ कळ काढली आणि मग त्यांना राहवेना. "शेवटी वीरेशनं घुसायला नको होतं. बाहेरूनच मारायचा होता बॉल. का सर?"

"घुसला ते बरोबर," वसंतराव सावकाश म्हणाले. "पण डावीकडून घुसला. सिद्धेश्वरनं त्याला तिकडंच आणून सोडलं होतं."

 पुढच्या बाकावर काही कुजबुज झाली आणि गंगम्मा मागं वळली. "वैनी म्हणतेत, घुसायचंच नव्हतं. पास द्यायचा होता, तिकडं कोपऱ्यात एक पोरगा मोकळा हुता." प्रमोदिनीनं मात्र मान वळवली नाही.

घरी ती आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. त्या आठवड्यात तिनं सिद्धेश्वरला पत्र टाकलं, शंकरप्पांनीही त्याच पत्रात दोन ओळी घातल्या. संक्रांतीला गावी जाताना पोरगा वाट वाकडी करून लातूरला आला, दुकानात बसला आणि शंकरप्पांनी त्याला स्टीलचा डबा दिला. वसंतरावांना हे सगळं नंतर कळलं.

जूनमध्ये कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं तशी त्यांनी संध्याकाळची बॅच बंद केली. मुलांच्या पालकांनी फार आग्रह केला, पण त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी ते कोर्टावर गेले तेव्हा प्रमोदिनीनं शेजारची पायरीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ते तिच्या डावीकडं बसले. उजवीकडं शंकरप्पा होतेच.

अजून वीरेशनं काही केलं की ती आधी उजवीकडं वळते. शंकरप्पांशी तिचं बोलणं होईपर्यंत वसंतराव समोर बघत बसतात, आणि ते क्षण त्यांना दर वेळी जडच जातात. मग ती डावीकडं वळून विचारते, "तुम्हाला काय वाटलं?" आणि ते काय म्हणतात ते ऐकून घेते, बहुतेक वेळा खोडून काढण्यासाठी.