प्रुइटची सही

आमच्या मालकांचं खेळाडूंवर फार प्रेम. विकायचं ठरवलं तर ते एका दुपारीत विकत. पण एखाद्याने आपल्या पायांनी जायचं नाव काढलं की हॉलिस व्हॅन ऑरमन साहेबांचे डोळे भरून येत. "आपण एक कुटुंब आहोत," म्हणत. आणि पगाराबद्दल कुणी कुरकुरलं तर त्याच मायेने सांगत, "मग जा, घरोघर दूध टाक."

मी स्टॅश कोझाक. ओहायोतल्या या फेरीमन बेसबॉल क्लबात खेळाडूंची खोली बावीस वर्षं माझ्याकडे होती. गणवेश धुणं, बुटांचा चिखल खरवडणं, तंबाखूच्या पिचकाऱ्या पुसणं. शिवाय एक काम कुठल्याच कागदावर नव्हतं, ते म्हणजे सह्या. रोज डझनभर चेंडू सगळ्या संघाच्या सह्यांसाठी येत. इस्पितळासाठी, महापौरांच्या भाच्यासाठी, कुणाकुणासाठी. खेळाडूंना कंटाळा. "स्टॅश, माझी तूच कर रे!" पंचवीस जणांचं अक्षर मला पाठ होतं. अर्ध्या ओहायोच्या काचेच्या कपाटांत माझंच अक्षर आहे, आणि त्या चेंडूंना बाप पोरांना हात लावू देत नाहीत.

सगळ्यांत आळशी वेंडेल प्रुइट. आमचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पण सहा वर्षांत एका चेंडूवर सही केली असेल तर शपथ. पंचाहत्तर साली मात्र त्याने एका कागदावर सही करायचं नाकारलं, आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली.

तो कागद म्हणजे करार. त्यात लिहिलेलं होतं की खेळाडूने सही केली नाही तर क्लब जुनाच करार आणखी एक वर्ष चालवू शकतो. एक वर्ष. मालक मंडळी ते असं वाचत: एक वर्ष, मग त्यावर आणखी एक, मग गुडघे निकामी होईपर्यंत. मोठमोठे विद्वान माना डोलवत. प्रुइट नववीत शाळा सोडलेला; त्याने ते जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. सही न करता पूर्ण मोसम खेळायचा, वर्ष संपलं की मोकळं. मोसम संपायच्या आत एकदा जरी सही झाली, तर मात्र सगळं मुसळ केरात.

संघातले वीर त्याला म्हणत, "कर ना बाबा सही, आमच्या पोटावर कशाला पाय देतोस?" पुढे याच वीरांनी याच वाटेने जाऊन बंगले बांधले. एकानेही त्याला साधी बिअर पाजलेली मी पाहिली नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साहेबांनी मला वर बोलावलं. टेबलावर करार होता.

"स्टॅश, पेन्शनला किती वर्षं उरली तुझी?"

"तीन, साहेब."

"लोकांच्या चेंडूंवर प्रुइटची सही तू ठोकतोस म्हणे?"

मी मान खाली घातली. त्यांनी कपाट उघडून मखमलीच्या डबीतला चेंडू काढला. 'प्रिय साहेबांना, वेंडेल प्रुइट.'

"हा मात्र त्याने स्वतः केलाय, माझ्यासाठी. नमुना म्हणून समोर ठेव. आणि इथे खाली कर. शेवटी पोराच्या भल्याचंच आहे."

तो चेंडू मी तीन वर्षांपूर्वी इस्त्रीच्या टेबलावर बसून सॉसेज खाता खाता केला होता. 'प्रिय' हा शब्दही माझाच. ते पोटात ठेवलं आणि सही केली. बावीस वर्षांच्या चाकरीने कणा कुठे गेला होता कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, 'प्रुइट नमला.' प्रुइट माझ्यासमोर येऊन बाकावर बसला.

"छान आलीय रे. मला इतकी चांगली जमत नाही."

मी हातातला बूट खाली ठेवला. "वेंडेल, मी..."

"गप. हे लवादाकडे जाईल तेव्हा मी सांगेन की ही माझी नाही. कुणाची ते नाही सांगणार. बायको आहे तुला."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी वांडाला सांगितलं. पिरोगी तळता तळता ती म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिलीस. एकदा उभा राहून स्वतःचं नाव सांग, मेल्या."

नोव्हेंबरात एका हॉटेलच्या दिवाणखान्यात लवाद बसला. मीही मागच्या रांगेत जाऊन बसलो. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी निवडलेला एक चिडखोर म्हातारा. प्रुइट म्हणाला, "सही माझी नाही." क्लबाचा वकील हसला. अशा वकिलांना हसण्याचेही पैसे मिळतात. त्याने मखमलीची डबी उघडून चेंडू कराराशेजारी ठेवला. साहेब खुर्चीत ऐसपैस बसले होते.

म्हाताऱ्याने भिंग लावलं. "तंतोतंत जुळतात," तो म्हणाला.

प्रुइटने एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा पुढे वळवली.

मी उठलो. "जुळणारच. दोन्ही माझ्याच आहेत."

"खोटं!" साहेब ओरडले. "हा चेंडू त्याने मला प्रेमाने दिलाय!"

"प्रेमही मीच लिहिलंय, साहेब." मी कागद मागून घेतला आणि प्रुइटची सही चार वेळा केली. मग म्हणालो, "साहेबांचीही येते. दाखवू?"

दिवाणखाना खदखदला. म्हाताऱ्याने प्रुइटला सही करायला सांगितलं. त्याने कोंबडीने उकरल्यासारखं काहीतरी काढलं. मग म्हाताऱ्याने करारातली ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "एक वर्ष म्हणजे एक वर्ष. ते संपलंय. माणूस मोकळा."

मोकळा मीही झालो, त्याच संध्याकाळी. कुटुंबातून काढल्याची चिठ्ठी दरबानाच्या हाती ठेवली होती. प्रुइटच्या मागे आठ क्लब लागले. तो कॅलिफोर्नियाला गेला. माझ्या मागे कुणी लागलं नाही. आता मी शाळेची फरशी पुसतो, आणि पेन्शनचं नाव काढलं की वांडा विषय बदलते.

नाताळात एक खोकं आलं. आत चेंडू, त्यावर वेडंवाकडं लिहिलेलं: 'स्टॅशला. ही मात्र माझी. वेंडेल प्रुइट.'

अख्ख्या देशात त्याच्या हातची सही असलेला तेवढा एकच चेंडू असेल. लहान मुलासारखा हरखून मी तो लोमॅक्स न्हाव्याला दाखवायला नेला. लोमॅक्सने हात पुसले, आरशावरच्या फळीवरून स्वतःचा प्रुइटच्या सहीचा चेंडू काढला आणि दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरले.

"स्टॅश, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "पण तुला कुणीतरी बनवलंय. प्रुइटची सही अशी नसते."

मी चेंडू कोटाच्या खिशात घातला आणि दाढी करून घ्यायला बसलो.